जुन्या मोटारीची खतावणी

हिशेबशास्त्राच्या दृष्टीने मोटार ही घरात येते त्या दिवसापासून मावळू लागलेली संपत्ती होय. आयकराच्या नियमांनुसार व्यवसायासाठी वापरलेल्या, परंतु भाड्याने न फिरवलेल्या मोटारीवर दरवर्षी शिल्लक किमतीच्या १५ टक्के घसारा धरला जातो. दोन लाख रुपयांना घेतलेली मोटार या हिशेबाने दहा वर्षांनी सुमारे ३९,४०० रुपयांची आणि वीस वर्षांनी अवघी ७,७५० रुपयांची उरते. गंमत अशी की, शिल्लक किमतीवरचा हा घसारा कितीही वर्षे लावत गेले तरी किंमत शून्यावर कधीच येत नाही. कागदावर ती मोटार दरवर्षी थोडी थोडी झिजत राहते आणि तरीही उरते.

खतावणीला एक गोष्ट मात्र कळत नाही. घरात कोणी आजारी असताना पहाटे किल्ली फिरवली, तर मोटार चालू होईल की नाही, याचे उत्तर ताळेबंदाच्या कोणत्याच रकान्यात सापडत नाही. वास्तविक जुन्या मोटारीची खरी किंमत तेवढ्या एका उत्तरात साठवलेली असते. पैसा ओतून हा भरवसा विकत मिळतोच असे नाही. भरपूर खर्च करूनही अडवणाऱ्या मोटारी असतात आणि बेताच्या खर्चात पंचवीस वर्षे चाललेल्याही असतात. या दोहोंतला फरक बहुधा दोन सवयींत आढळतो. पहिली सवय नोंद ठेवण्याची. दुसरी, सुटा भाग बदलण्यापूर्वी दुखण्याचे कारण शोधण्याची.

जुनी मोटार सांभाळणे ही भारतात एके काळी हौस नव्हती, गरज होती. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात तयार होणारी अँबॅसॅडर आणि मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली, अशा दोन-तीनच मोटारी बाजारात होत्या. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मोटार दारात यायची. त्यामुळे आलेली मोटार टिकवणे, प्रसंगी मुलाच्या हाती सोपवणे, हा घराचा रिवाजच होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि मध्यमवर्गीयाची मोटार आवाक्यात आली. तीन सिलिंडरांची, ७९६ घन सेंटिमीटर क्षमतेची ही लहानशी मोटार २०१४ पर्यंत तयार होत होती. त्याच वर्षी अँबॅसॅडरचेही उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप घेऊन गेली. या मोटारी गेल्या. पण त्यांनी घडवलेला मिस्त्री नावाचा गुरू आणि दुरुस्तीची संस्कृती अजून पुरती पुसली गेलेली नाही.

जयसिंगपुरातील एका गृहस्थांची मारुती ८०० ही त्या संस्कृतीचा चांगला नमुना ठरावी. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. १९९७ साली त्यांनी ही मोटार कर्ज काढून घेतली. त्या काळच्या अनेक मोटारींप्रमाणे तिच्या मीटरमध्ये किलोमीटरचे पाचच आकडे होते. म्हणजे ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. अण्णांच्या मोटारीने असे शून्य दोनदा पाहिले. मुलांच्या शाळा, लग्ने, शेतीची कामे, पुण्याच्या फेऱ्या हे सर्व करून २०१३ साली ती जवळजवळ निवृत्तीच्या वयाला आली होती. नेमक्या त्याच वर्षी काकूंची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला जाणे सुरू झाले.

येथून पुढे मोटारीचा प्रश्न सोयीचा राहिला नाही. डायलिसिसला चुकवाचुकव चालत नाही. चार तास यंत्राला जोडलेले शरीर बाहेर येते तेव्हा गळून गेलेले असते. रक्तदाब उतरलेला असतो, भर उन्हात रस्त्याच्या कडेला ताटकळत बसण्याची ताकद नसते. पुण्याच्या मुलाने नवी मोटार घेऊन देण्याची तयारी दाखवली होती. परंतु उपचाराचा खर्च किती वर्षे आणि किती वाढत जाईल याचा अंदाज नसताना मुलाच्या डोक्यावर आणखी एक हप्ता चढवणे अण्णांना रुचले नाही. जुन्या मोटारीवर विसंबायचे, तर ती विसंबण्याजोगी ठेवली पाहिजे, असा त्यांनी निश्चय केला.

त्यासाठी त्यांच्यापाशी एक भांडवल होते. १९९७ पासून मोटारीची वही त्यांनी नेमाने लिहिली होती. उभ्या रेघा मारलेली साधी वही. तारीख, मीटरचा आकडा, काय केले, का केले, कोणता भाग कोठून आणला आणि किती पैसे लागले, असे रकाने. यातला ‘का केले’ हा रकाना सर्वांत मोलाचा. गॅरेजच्या बिलात बदललेल्या भागांची यादी असते, पण त्या दिवशी मोटार कोणत्या तक्रारीसाठी आणली होती हे कोणी लिहीत नाही. वर्षभराने तीच तक्रार परत आली की बिलांची चळत असूनही हाती काही लागत नाही.

आता अण्णांनी वहीत आणखी दोन सवयी वाढवल्या. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडायचे. ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवायची आणि पातळी लिहून ठेवायची. जुने इंजिन थोडे ऑइल पिते, यात नवल नाही. महिन्याला किती पिते, हे ठाऊक असले की त्यात अचानक झालेली वाढ लगेच लक्षात येते. सायलेन्सरचा धूरही बोलका असतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रात्रभर उभी राहिलेली मोटार सकाळी सुरू होताना क्षणभर निळा धूर सोडत असेल, तर व्हॉल्व्हचे सील थकले असण्याचा संभव अधिक. वेग वाढवताना तो दिसत असेल, तर पिस्टनच्या रिंगांकडे संशय जातो. काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात आहे. इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर हा सर्वांत गंभीर, कारण कूलंट सिलिंडरमध्ये उतरत असल्याची ती खूण असू शकते. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट साका दिसू लागला, तर तोही त्याच दिशेने बोट दाखवतो. मात्र फक्त जवळच्याच फेऱ्या करणाऱ्या मोटारीत दमटपणामुळेही तो साचतो, म्हणून घाबरण्यापूर्वी कूलंटची पातळी पाहावी.

दुसरी सवय पीयूसीच्या चिठ्ठ्यांची. या चिठ्ठ्या बहुतेक लोक पोलिसाला दाखवण्यापुरत्या जपतात आणि मुदत संपली की फेकून देतात. वस्तुतः त्यावर कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण छापलेले असते. जुन्या मोटारीला दर सहा महिन्यांनी ही तपासणी करावी लागते. अण्णा प्रत्येक आकडा वहीत उतरवत. आकडा चढू लागला की एअर फिल्टर, प्लग आणि कार्ब्युरेटर तपासण्याची वेळ झाली, असे ते समजत. सरकारने सक्तीने करायला लावलेली ही वर्षातून दोनदा होणारी आरोग्यतपासणीच होती, तीही अल्प शुल्कात.

जुन्या मोटारीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे उष्णता. मारुती ८०० च्या इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. इंजिन एकदा भडकून तापले की ते वाकण्याची, गॅसकेट जाण्याची भीती असते. म्हणून दहा मिनिटांची बेपर्वाई दहा हजारांना पडू शकते. मोटार तापते अशी तक्रार घेऊन गॅरेजात गेले की पुष्कळदा थेट रेडिएटर बदलला जातो. त्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा: कोठे तापते? गावाच्या गर्दीत, सिग्नलला उभी असताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होत असेल, तर विजेचा पंखा, त्याचा स्विच किंवा फ्यूज पाहावा. वेगात असताना समोरचा वाराच पंख्याचे काम करत असतो. उलट गावात ठीक आणि महामार्गावर, घाटात, भार वाढल्यावर तापत असेल, तर रेडिएटर आतून तुंबला असावा किंवा पाण्याचा पंप दुबळा झाला असावा. एकाच तक्रारीची ही दोन वेगळी कारणे आहेत, आणि पैसे घालवायच्या आधी ती केवळ निरीक्षणाने वेगळी करता येतात.

रेडिएटर तुंबण्यामागे पुष्कळदा घरचाच हातभार असतो. कूलंट महाग म्हणून बोअरचे जड पाणी ओतत राहिले की बंबात धरते तशी खार आतल्या बारीक नळ्यांत धरते. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही,’ हा सल्लाही सर्रास मिळतो. थर्मोस्टॅट नसले की इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, पेट्रोल जास्त जाते, झीज वाढते आणि मूळ रोग झाकला जातो. ज्वर मोजायला नको म्हणून थर्मामीटर फेकून देण्यातलाच हा प्रकार. रस्त्यात काटा चढू लागला, तर मोटारीत हीटर असल्यास तो पूर्ण सोडावा. आतल्या माणसांना घाम फुटतो, पण इंजिनाची काही उष्णता बाहेर निघते. मग सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे आणि ते पुरते निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. आत दाबाखाली असलेले पाणी शंभर अंशांहून अधिक तापलेले असू शकते आणि झाकण सैल होताच ते अंगावर उसळते.

एवढी निगा असूनही २०१४ च्या उन्हाळ्यात मोटारीने अण्णांची परीक्षा घेतली. मिरजेहून परतताना अंकली ओलांडल्यावर ती आचके देऊ लागली आणि बंद पडली. मागच्या आसनावर काकू डोळे मिटून पडल्या होत्या. वीस मिनिटांनी मोटार आपोआप सुरू झाली. दुसऱ्या दिवशी गॅरेजात दाखवली, तेव्हा तिने मान टाकण्याचे नावच घेतले नाही. गावात चार चकरा मारल्या, काही दोष दिसेना. तरीही प्लग बदलले गेले. तीन-चार आठवडे बरे गेले आणि पुन्हा तोच प्रकार झाला. दुसऱ्या गॅरेजात कॉइल बदलली, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. तिसऱ्या वेळी पेट्रोलचा पंप बदलला. पेट्रोलमध्ये भेसळ असेल म्हणून पेट्रोल भरण्याची जागाही बदलून झाली. तीन महिन्यांत ५,२०० रुपये खर्च झाले. पैशांपेक्षा मोठे नुकसान असे की, दर मंगळवारी आणि शुक्रवारी मोटारीत बसताना काकू आता रस्त्याकडे न पाहता अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहत असत.

शेवटी अण्णा मिरजेतल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी बॉनेट उघडले नाही. स्टुलावर बसून त्यांनी विचारले, “अण्णा, गाडी कवा बंद पडती, ते सांगा. काय बदललंय ते नंतर सांगा.”

अण्णांनी वही पुढे केली. दोघांनी मिळून तिन्ही नोंदी वाचल्या. तिन्ही वेळा मोटार वीस-पंचवीस मिनिटे न थांबता चालल्यावर बंद पडली होती. गावातल्या गावात कधीच पडली नव्हती, म्हणून गॅरेजमधल्या चकरांत दोष सापडत नव्हता. मिस्त्रींचे बोट मग पेट्रोलच्या नोंदींवर गेले. तिन्ही वेळा आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरलेली होती. अर्धी टाकी असताना एकदाही खोळंबा झालेला नव्हता. मिस्त्रींनी पाने आणखी मागे उलटली. पहिल्या खोळंब्याच्या नऊ दिवस आधी एक ओळ होती: ‘टाकीचे झाकण हरवले. नवे बसवले. साठ रुपये.’

मिस्त्री हसले. “टाकी फुल करा, काकूंना घरीच राहू द्या, अन् चला माझ्यासंगं.”

दोघे सांगलीच्या रस्त्याला लागले. पुढे वळसा घालून परतताना मोटार आचके देऊ लागली. मिस्त्रींनी ती कडेला घ्यायला लावली, मागे जाऊन टाकीचे झाकण फिरवले. ‘फुस्स’ असा आवाज झाला आणि टाकीने भरभरून श्वास घेतला. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले.

कारण समजायला सोपे होते. टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे जाते तेव्हा त्याच्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी मूळ झाकणाची रचना हवा आत घेणारी असते. रस्त्यावर घेतलेल्या नकली झाकणात ती सोय नव्हती. ते बाटलीच्या बुचासारखे घट्ट बसत होते. त्यामुळे टाकीत हळूहळू पोकळी तयार होई आणि पंपाला पेट्रोल ओढता येईना. टाकी भरलेली असताना वरची हवा थोडी असते, म्हणून लिटरभर पेट्रोल जाताच दाब झपाट्याने उतरतो. अर्ध्या टाकीत हवा भरपूर असल्याने तेवढाच उपसा जाणवत नाही. वीस मिनिटे उभी राहिली की फटींतून थोडी हवा शिरून मोटार पुन्हा चालू लागे. मूळ बनावटीचे झाकण आणले आणि दुखणे कायमचे गेले. बदललेला पंप, कॉइल आणि प्लग हे तिन्ही भाग निर्दोष होते.

या एका प्रसंगात जुन्या मोटारीच्या दुरुस्तीचे सगळे शास्त्र सामावलेले आहे. दोष कधी होतो आणि कधी होत नाही, हे दोन्ही लिहावे. ‘होत नाही’ याची नोंद बहुधा अधिक बोलकी ठरते. दोष सुरू होण्यापूर्वी शेवटचा कोणता बदल झाला, ते पाहावे. तपासणी बिनखर्ची गोष्टींपासून सुरू करावी: झाकण, नळी, फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल, इंजिन आणि बॅटरी यांना मोटारीच्या सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची वायर. एका वेळी एकच भाग बदलावा. तीन भाग एकदम बदलून दोष गेला, तर कोणत्या भागाने तो गेला हे कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचे पैसे मोजावे लागतात.

काही बाबतींत मात्र निदानाची वाट पाहत बसता येत नाही. ब्रेक, स्टीअरिंग आणि टायर यांचे दुखणे अंगावर काढणे म्हणजे दुसऱ्याच्याही जिवाशी खेळणे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. असे जुने ऑइल घाटातल्या सततच्या ब्रेकने तापले की त्यात वाफ धरते आणि पेडल पोकळ लागते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे आणि घाट उतरताना मोटार खालच्या गिअरमध्ये ठेवावी. पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरमधले रबर थकले असे समजून मोटार त्याच दिवशी उभी करावी. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते आणि चिरते. कमी फिरणाऱ्या मोटारीचे टायर असे नुसते दिसायला चांगले असतात. उभी मोटार झिजत नाही, हा समजही खोटाच. तिची बॅटरी उतरते, सील सुकतात आणि बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात.

खर्चाचा विचारही प्रामाणिकपणे करायला हवा. तीन लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,३७४ रुपये येतो. पाच वर्षांत ३,८२,४४० रुपये भरले जातात. १५ टक्के घसाऱ्याने त्या मोटारीची पाच वर्षांनंतरची किंमत १,३३,००० रुपयांच्या आसपास राहते. म्हणजे नव्या मोटारीची निव्वळ झीज आणि व्याज यांचाच भार वर्षाला जवळजवळ ५०,००० रुपये होतो. अण्णांच्या वहीत सर्वांत वाईट वर्षाचा दुरुस्तीखर्च १९,००० रुपये होता. जुनी मोटार महाग पडते, हे वाक्य वही नसलेल्या माणसाचे असते.

मोटारीचे आयुष्य निगेवर किती अवलंबून असते, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला अमेरिकेतला आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणारे आयर्व्ह गॉर्डन हे विज्ञानाचे शिक्षक. १९६६ साली त्यांनी व्होल्वो पी १८०० ही मोटार घेतली आणि २०१३ साली अलास्कात तिच्यावर ३० लाख मैलांचा, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरचा पल्ला पूर्ण केला. त्यांचे रहस्य विचारले की उत्तर साधे असे. पुस्तिकेत सांगितले आहे ते वेळेवर करायचे आणि मोटारीचा आवाज बदलला की दुर्लक्ष करायचे नाही.

तरीही प्रत्येक मोटारीला शेवट असतो आणि तो ओळखणे हा निगेचाच भाग आहे. भारतात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात जुन्या मोटारीला पर्यावरण करही भरावा लागतो. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढल्यापासून जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या आणि सील यांच्याकडेही अधिक लक्ष द्यावे लागते. बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला, तर तो कधीही दुर्लक्षू नये. हे सर्व निभावता येते. निभावता येत नाही तो गंज. मारुती ८०० सारख्या मोटारीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडाच सारा भार वाहतो. इंजिन नवे करता येते, सांगाडा नाही.

अण्णांनी वहीच्या शेवटच्या पानावर फार पूर्वीच तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या. ब्रेक किंवा स्टीअरिंगचे खात्रीचे भाग मिळेनासे झाले तर. वर्षात दोनदा कारण न सापडता मोटार बंद पडली तर. भार वाहणारा पत्रा गंजला तर, मोटार थांबवायची. मन शांत असताना ठरवलेली मर्यादा मोहाच्या वेळी उपयोगी पडते, हे त्यामागचे तत्त्व.

२०२२ च्या आरंभी, पंचविसाव्या वर्षीच्या पासिंगसाठी मोटार सज्ज करताना, दाराखालच्या पट्टीला जॅक लावला आणि पत्रा पापडासारखा आत गेला. तळाचे जाजम उचलले, तर मागच्या चाकाचा आधार जेथे जोडलेला असतो तेथपर्यंत गंज पोहोचला होता. इंजिन उत्तम चालत होते. गॅरेजवाल्याने पत्र्याचा तुकडा वेल्डिंगने बसवून, वर काळा थर मारून पासिंग करून देतो, असे सांगितले. परंतु वेल्डिंग धरायला भोवतीचा पत्राही सशक्त लागतो. कागद झालेल्या पत्र्यावर ठिगळ टिकत नाही. एक तरुण ३०,००० रुपये रोख देऊन आहे तशी मोटार न्यायला तयार होता. घरात लहान मूल आहे, पावसाळ्यात दुचाकीवर हाल होतात, असे तो सांगत होता. अण्णांनी त्याला मोटारीखाली वाकून गंज दाखवला आणि नकार दिला. तरुण म्हणाला, “माझी तक्रार नाही, अण्णा. मी लिहून देतो.” अण्णा म्हणाले, “तू लिहून देशील. त्या लेकराची सही कोण देणार?”

मोटार भंगारात निघाली, नोंदणी रीतसर रद्द झाली. हाती ११,००० रुपये आले. वहीत शेवटची नोंद आहे: ‘२,३१,४१८ किलोमीटर. मोटार थांबवली. कारण: तळाचा पत्रा. नुकसान १९,००० रुपये.’ पुढे ‘मान्य’ असा एकच शब्द आहे.

नऊ वर्षांच्या डायलिसिसच्या फेऱ्यांत मोटारीने तीन वेळा दगा दिला, आणि तिन्ही वेळा त्या साठ रुपयांच्या झाकणापायी. दोन आठवड्यांनी घरात दुसरी मोटार आली. तीही नवी नव्हती, एका परिचिताने सात वर्षे वापरलेली होती. ती आणायला जाताना अण्णांनी कोरी वही सोबत नेली. मीटरचा आकडा लिहिला, चारही टायरांवरचे आकडे लिहिले आणि मालकाला विचारले, “हिची काही जुनी नोंद आहे का?” मालकाने बिलांची पिशवी पुढे केली. “चालेल,” म्हणून अण्णा पिशवी घेऊन तेथेच पायरीवर बसले आणि एकेक बिल तारखेप्रमाणे लावू लागले. मोटारीत जाऊन बसलेल्या काकू खिडकीची काच खाली करून त्यांची वाट पाहत होत्या.